ताळेबंदात नसलेले बोअर

गावात माझे अक्षर चांगले समजले जाते आणि त्याचा मला आजवर फायद्यापेक्षा तोटाच अधिक झाला आहे. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे रेशनच्या अर्जापासून दर्ग्याच्या उरुसाच्या परवानगीपर्यंत कुणाला काही लिहून हवे असले की ‘सरांकडे जा’. तीन वर्षांपूर्वी असाच ग्रामपंचायतीतून निरोप आला. गावाचा ‘जल सुरक्षा आराखडा’ करायचा आहे, तक्ते भरून द्या. त्या कामासाठी नेमलेल्या संस्थेचा एक तरुण मुलगा मोटारसायकलवर आला होता. बिचारा दिवसात तीन गावे उरकत होता. त्याने कोरे तक्ते माझ्यापुढे ठेवले आणि सोबत शेजारच्या गावाचा भरलेला तक्ताही ठेवला, ‘नमुना म्हणून’.

एका रकान्यात गावातल्या बोअरची संख्या लिहायची होती. मी विचारले, किती लिहू? उत्तर आले, ‘सातबाऱ्यावर आहेत तेवढे लिहा सर, उगाच भानगड नको.’ सातबाऱ्यावर एक्केचाळीस निघाले. आमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला, फक्त डाव्या हाताला, मी मालकांच्या नावासह तीस बोअर मोजून देऊ शकतो. तरीही मी सुवाच्य अक्षरात एक्केचाळीस लिहिले. पुढच्या ग्रामसभेत तो आराखडा वाचला गेला आणि स्मशानभूमीच्या पत्र्यांचा ठराव व घरकुलांची यादी यांच्या मधल्या दहा मिनिटांत मंजूर झाला. सही करणाऱ्यांत मीही होतो.

हे आधी सांगितले, कारण पुढे मी सरकारवर आणि गावावर दोघांवरही तोंडसुख घेणार आहे. माझ्यावर कुणी बोट ठेवले तर ते बरोबर जागी पडेल.

आमचा भाग केळीचा. सातपुडा आणि तापी यांच्या मधली रावेर-यावलची पट्टी, खाली काळीभोर गाळाची जमीन, आणि रोज ट्रक भरून उत्तरेकडे जाणारा माल. राज्याचा चार-पंचमांश भाग बेसाल्ट खडकावर बसला आहे, तिथे पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेमतेम मावते. आमच्या नशिबी मात्र तापीचा गाळ आला. तो खोल आहे, पाणी धरतो. म्हणूनच इथे इतकी वर्षे उपसा चालू शकला, आणि म्हणूनच तो कुणाच्या डोळ्यांत आला नाही. मराठवाड्यात विहीर आटली की जानेवारीतच कळते. आमच्याकडे पाणी दरवर्षी थोडे थोडे खाली सरकते आणि शेतकरी दरवर्षी एक-दोन पाइप वाढवतो. माझ्या लहानपणी अब्बा सालदार होते त्या मळ्यातल्या विहिरीत आम्ही पोरे उड्या मारायचो. त्या विहिरीच्या तळाशी आता बाभूळ उगवली आहे. तिच्या मालकाने तिच्याच आत बोअर घेतला, तो आटला, मग बांधावर दुसरा घेतला. भूजलाच्या सरकारी वर्गीकरणात सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित आणि अतिशोषित अशा पायऱ्या आहेत. रावेर आणि यावल ही नावे कितीतरी वर्षे त्यातल्या वाईट बाजूलाच दिसतात.

आता ताळेबंदाचे गणित. ते अवघड नाही, सातवीच्या मुलाला येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. हजार हेक्टरचे गाव आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर लाख घनमीटर पाणी आभाळातून पडले. त्यातले बरेचसे वाहून जाते, बरेचसे उडून जाते. समजा दहा टक्के मुरले, म्हणजे सात लाख घनमीटर. दुसरी बाजू पाहा. तीन हजार लोकवस्तीला जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर रोज दिले तर वर्षाला साधारण साठ हजार घनमीटर लागतात. केळी ठिबकवर घेतली तरी हेक्टरी दहा-बारा हजार घनमीटर पाणी पिते. म्हणजे सगळ्या गावाचे वर्षभराचे पिणे, आंघोळ, भांडी आणि कपडे एका बाजूला ठेवले, तर दुसऱ्या बाजूला फक्त पाच-सहा हेक्टर केळी! आणि मुरलेले सगळे पाणी, थेंबही न सोडता, केळीला दिले तरी ते साठ-सत्तर हेक्टरांत संपते. आमच्यासारख्या गावात केळी साठ हेक्टर नसते, त्याच्या कितीतरी पट असते.

हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येक गावात ते वेगळे निघतील. मुद्दा असा की हा हिशेब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. बोअरची खरी संख्या लागते. आणि नेमकी तीच लिहायची नाही, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवले आहे.

कायदा नाही, असे कुणी म्हणू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळातली आहे. १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा आला. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, असे त्यात स्पष्ट होते. मग त्याहून मोठा कायदा आला, महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम. त्याच्या नावात वर्ष २००९ आहे, अंमल सुरू झाला २०१४ मध्ये, आणि नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी बाहेर पडला २०१८ मध्ये. नऊ वर्षांत आमच्या शाळेतले मूल पहिलीतून दहावीच्या उंबरठ्यावर येते. कायदा मसुद्यापर्यंत आला.

आणि गंमत अशी की कायदा चांगला आहे. ६० मीटर, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला त्याने वेगळे काढले. बोअर मारणाऱ्या गाड्यांची नोंदणी सांगितली. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती बसेल, ती भूजल वापराचा आराखडा करेल आणि त्यावरून पिकांचा आराखडा ठरेल, वर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण लक्ष ठेवेल, अशी रचना केली. हिशेब गावाने करायचा, मर्यादा सरकारने राखायची. दोन्ही हात कागदावर आहेत. प्रत्यक्षात सरकारचा हात खिशात आहे आणि गावाचा हात डोळ्यांवर.

मसुदा आला तेव्हा आमच्या चावडीवर काय बोलले गेले ते मला आठवते. ‘आता विहिरीवर पण टॅक्स?’ एक आप्पा तर म्हणाले, ‘उद्या श्वास मोजतील.’ आप्पांचा राग मला समजतो. ज्या शेतकऱ्याला केळीचा भाव व्यापारी सांगतो, विम्याची रक्कम कंपनी सांगते आणि वादळ कुणालाच विचारत नाही, त्याच्याकडे सरकार पहिल्यांदा येते ते विहीर नोंदवायला, तर तो वैतागणारच. पण ‘माझी जमीन, माझे पाणी’ हे जे त्यामागचे वाक्य आहे, ते आप्पांचे नाही. ते इंग्रजांचे आहे. आपल्या जमिनीखालचे पाणी मालकाने हवे तेवढे घ्यावे, त्याने शेजाऱ्याची विहीर आटली तरी तक्रार नको, ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून आपल्याकडे पक्की झाली. तेव्हा मोट होती. बैलजोडी दमली की उपसा थांबायचा. त्या मोटेच्या काळातला हक्क आपण सहाशे फुटांच्या बोअरला आणि पाण्यात बुडवलेल्या मोटारीला तसाच लावतो. जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. आप्पांच्या बोअरमध्ये येणारे पाणी शेजारच्या भावाच्या शेताखालून येते, आणि आप्पांनाही ते ठाऊक आहे. नाहीतर शेजाऱ्याने गाडी बोलावली की तिसऱ्या दिवशी त्यांनी पण का बोलावली असती?

विहिरीभोवती अंतर राखण्याची कल्पना सरकारी बाबूंच्या डोक्यातून आली, असे समजणाऱ्या माझ्या मुस्लिम वाचकांसाठी एक आठवण. फिकहमध्ये ‘हरीम’ नावाची गोष्ट आहे. विहीर खोदली की तिच्याभोवती ठरावीक हात जागा राखीव होते, तिथे दुसऱ्याने खोदून पहिल्याचे पाणी तोडायचे नाही. अंतर किती, यावर फकीहांमध्ये मतभेद आहेत, चाळीस हातांचा उल्लेख वारंवार येतो. तो आकडा आज कामाचा नाही. पण जमीन तुझी असली तरी खोदण्याला शेजाऱ्याची मर्यादा आहे, हे तत्त्व १९९३ च्या कायद्याच्या कितीतरी आधीचे आहे. जुम्याच्या बयानात पाणी सांडू नका, वजू करताना नळ बंद करा, हे ऐकायला मिळते. चांगले आहे. ज्याच्या बोअरने मोहल्ल्याचा हातपंप कोरडा पडला त्याच्याबद्दल बयान मी अजून ऐकलेले नाही. तो बहुधा चंदाही देतो.

आमच्यापासून थोड्याच अंतरावर, राज्याची हद्द ओलांडली की बुऱ्हाणपूर लागते. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या काळात बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंड्यांच्या रांगेतून शहराकडे नेले. सहलीला मुले घेऊन गेलो की मी त्यांना एकच गोष्ट विचारतो, याला मोटार कुठे आहे? मोटार नाही. उताराने जेवढे येईल तेवढे घ्यायचे. पाऊस कमी तर पाणी कमी, पाऊस जास्त तर पाणी जास्त. त्या रचनेत हाव करायला जागाच नव्हती. आम्ही औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीचा आणि कुंडी भंडाऱ्याचा अभिमान भाषणात मिरवतो, पण तो मलिक अंबरचा, खान-ए-खानानचा अभिमान असतो. मर्यादेचा नसतो. बोअरला अशी अंगभूत मर्यादा नाही, म्हणून ती बाहेरून घालावी लागते.

बाहेरून म्हणजे कुणी? इथे माझा वाद चळवळीतल्या मित्रांशी आहे. ते म्हणतात, ग्रामसभेवर सोडा, लोक शहाणे आहेत. दाखला हिवरे बाजारचा देतात. दाखला खराच आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीसारखी पिके नाकारली, दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पीक ठरवले. पण हिवरे बाजार दाखवून आज तीस वर्षे होत आली, त्याच्यासारखी गावे बोटांवर मोजण्याइतकीच का राहिली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमचे गाव शहाणे झाले, आम्ही बोअर बंद केले आणि खालच्या शिवारात गाडी घरघरत राहिली, तर आमच्या शहाणपणाचे पाणी खालच्या गावाच्या केळीला. गावाची हद्द महसुलाची आहे, पाण्याची हद्द वेगळी. त्या मोठ्या हद्दीवर गावाची सत्ता चालत नाही.

आणि समोर बलवान कुणी असेल तर गाव स्वतःच्या हद्दीतही हरते. केरळातल्या प्लाचीमडा इथे पेरुमाट्टी पंचायतीने २००३ मध्ये कोका-कोलाचा परवाना नाकारला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही सार्वजनिक ठेव आहे असे म्हटले. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीला रोज पाच लाख लिटर उपशाची मुभा दिली. तो कारखाना नंतर चालला नाही, ती लोकांच्या झगड्याची कमाई. पण पंचायतीच्या ठरावाचे वजन किती, ते त्या निकालाने दाखवले.

शिवाय ग्रामसभा म्हणजे कोण? आमच्या गावात मुस्लिम मोहल्ला आणि त्यापलीकडची दलित वस्ती यांत जमीनवाले हाताच्या बोटांवर. बाकी सगळे केळी कापणारे, घड वाहणारे, ट्रक भरणारे. वर डोंगराच्या पायथ्याला तडवींच्या वस्त्या. सातपुड्याचे पाणी मुरते ते त्यांच्या दारात आणि उपसले जाते खाली बागायतीत. या लोकांचा पाण्यावर हक्क कुठल्या उताऱ्यावर लिहिला आहे? कुठल्याच नाही, कारण भूजलाचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. ग्रामसभेत हात वर करायला ते आहेत, पण ज्याच्या मळ्यात उद्या कामाला जायचे त्याच्या बोअरविरुद्ध आज हात कोण वर करेल? आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला मला म्हणाल्या, ‘सर, तुम नौकरीवाले हो, तुम बोलो. हमकू तो कल उनकेच खेत में जाना है.’ लोकसहभागावरचे इतके चोख परीक्षण मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही.

आमच्या गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दोन बोअर आहेत. दोन्ही गेल्या पाच वर्षांतले. पैकी एक कुणाचा आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तक्रार करायची तर ती ग्रामपंचायतीमार्फत जाते, आणि तिथेच ती अडते, का ते मी सांगत नाही. उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. ‘हर घर जल’ची पाइपलाइन आमच्याकडे उत्तम आहे, टाकीवर रंगही छान आहे.

म्हणून मी म्हणतो, सरकारची देखरेख हवी. पण हे म्हणताना सरकार काय करते आहे तेही पाहू. एक हात म्हणतो पाणी जपा. दुसऱ्या हाताने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ. शेतकऱ्याचे बिल माफ होऊ नये असे मी म्हणणार नाही, मी शेतमजुराचा मुलगा आहे. पण मीटर तरी वाचा! वीज फुकट द्या, मोजून द्या. किती युनिट जळले यावरून किती पाणी उपसले याचा अंदाज येतो, तोही सोडून दिला. शेततळ्याला अनुदान मिळाले ते पावसाचे पाणी साठवायला. कितीतरी ठिकाणी त्यात प्लास्टिक अंथरून बोअरचे पाणी भरले जाते, म्हणजे सगळ्यांचे पाणी जमिनीखालून काढून एकाच्या कुंपणात ठेवायचे. ठिबकचे तसेच. ठिबकने एका झाडामागे पाणी वाचले, वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लागली.

आणि आराखडे! अटल भूजल योजना २५ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली. सहा हजार कोटींची, निम्मे पैसे जागतिक बँकेच्या कर्जाचे, सात राज्यांसाठी. महाराष्ट्रातले १३ जिल्हे त्यात आले, आमचे जळगावही. कल्पना उत्तम होती. गावाने स्वतः पाणी मोजायचे, स्वतः आराखडा करायचा. पण आराखडा तयार होणे हा पैसे सुटण्याचा एक निकष होता. निकष असला की तो पूर्ण होतो, हे आम्हा शिक्षकांना कुणी शिकवायला नको. शंभर टक्के पटनोंदणी, शंभर टक्के आधार जोडणी, शंभर टक्के प्रगत विद्यार्थी! तसेच शंभर टक्के आराखडे. माझा एक्केचाळीस बोअरचा तक्ताही त्या शंभरात आहे.

देखरेख म्हणजे गावाने काय पेरावे हे मंत्रालयाने सांगणे नव्हे. ते गावानेच ठरवावे. गावाला जे जमत नाही तेवढेच सरकारने करावे. बोअरची गाडी पाहा. ती तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून येते, रात्री दहाला सुरू होते, सकाळी निघून जाते. तिला ग्रामसभा थांबवू शकत नाही. सरकार थांबवू शकते, कारण ती राज्याच्या रस्त्याने येते, डिझेल जाळते, तिला नंबरप्लेट आहे. वाळूच्या ट्रॅक्टरला तहसीलदार रात्री दोनला अडवतात, मग तीस फूट उंचीचे यंत्र त्यांना दिसत नाही का? कुठे, किती फूट, कुणासाठी खोदले याची नोंद गाडीवाल्याने चोवीस तासांत द्यावी, नाही दिली तर गाडी जप्त. एवढे एक काम झाले तरी माझ्यासारख्याला खोटा आकडा लिहिता येणार नाही. निरीक्षण विहिरींच्या पातळ्या सरकारकडे वर्षानुवर्षांच्या आहेत. त्या मराठीत, आमच्या पंचायतीच्या भिंतीवर, गेल्या दहा वर्षांच्या आकड्यांसह रंगवा. पाचशे मीटरच्या आतला बोअर बंद करायला तक्रारीची वाट पाहू नका, कारण तक्रार करणाऱ्याचे नाव गावात पसरते. आणि समितीत भूमिहीनांना जागा ठेवा, नावापुरती नव्हे, त्यांच्या सहीशिवाय आराखडा पुढे जाणार नाही अशी.

हे सगळे आता तातडीने बोलायचे कारण आमच्या दारात एक प्रचंड प्रकल्प येऊन उभा आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये तापी मेगा रिचार्जचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जमिनीत मुरवायचे, एकोणीस हजार कोटींहून अधिक खर्च. चावडीवर पेढे वाटले गेले. मलाही आनंद आहे, पाणी मुरावे असे कुणाला वाटणार नाही? पण ज्या पायथ्याशी ते मुरवायचे तिथल्या तडवींना त्यातले किती, खालच्या बागाईतदाराला किती, आणि नवी पातळी वर आली की दुसऱ्याच दिवशी किती गाड्या तिरुचेंगोडहून निघतील, याबद्दल चावडीवर एक शब्द नव्हता. खात्यात पैसे भरायचे ठरले आहे, पासबुक कुणाच्या हाती ते ठरलेले नाही.

गेल्या महिन्यात आराखड्याचे नूतनीकरण करायचे म्हणून पुन्हा निरोप आला. मुलगा नवीन होता, तक्ता तोच होता. मी या वेळी आठवी-नववीची मुले घेऊन दोन रविवार शिवार फिरलो. पोरांना मजा आली, एकाला कुत्रे चावता चावता राहिले. एकशे सत्याऐंशी बोअर मोजले, त्यातले बंद पडलेले अठ्ठावन्न. मी तेच आकडे लिहिले. ग्रामसभेत वाचन झाले तेव्हा थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एक नाना हसत म्हणाले, ‘सर, तुमचं अक्षर छान आहे, पण हिशेब कच्चा दिसतो. गेल्या वेळचाच आकडा राहू द्या.’ ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. मुलांनी काढलेला नकाशा मी शाळेच्या व्हरांड्यात लावला आहे, पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ लाल खडूने काढून. दोन जण येऊन तो काढा म्हणून सांगून गेले आहेत. अजून लावलेला आहे.